लांग्ल्वांचं एकच दार

तारा, परवा व्हिडिओ कॉलवर तू सहज बोलून गेलीस की तुझ्या वर्गात तीन लांग्ल्वा आहेत आणि तिघं एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. लगेच ईशान म्हणाला, त्याच्या हॉकीच्या टीममध्येही एक आहे आणि तुमच्या दाताच्या डॉक्टरांचंही तेच आडनाव. तुम्ही दोघं हसत होतात. मॉन्ट्रियालमध्ये हे नाव म्हणजे आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांसारखंच असणार. मी मात्र हातातला कप खाली ठेवला. तुझ्या आईनं विचारलं, "आई, काय गं झालं?" मी म्हटलं, चहा गरम आहे. खरं तर तो केव्हाच गार झाला होता. इतकी वर्षं झाली तरी ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं की माझी नजर आधी दाराकडे जाते. कडी लावलेली आहे ना, ते पाहते. असं का, ते तुम्हाला फोनवर सांगणं जमलं नसतं, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आम्ही इथेच, याच बेटावर, क्वीन्सटाउनमध्ये एका जुन्या ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावर राहत होतो: बाबा, आई आणि मी. बाबा अलेक्झांड्रा रोडवरच्या एका ऑफिसात हिशेबनीस होते आणि तिथे चालत जात. घर म्हणजे पुढची खोली, आतली खोली आणि मागे स्वयंपाकघर. दार एकच, आणि ते लांबलचक कॉरिडॉरवर उघडायचं. त्या कॉरिडॉरवर सगळ्या जगाचे वास एकत्र नांदत. एका घरातून बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, भाजल्याचा उग्र वास आला की आई नाकाला पदर लावायची, आणि आमच्याकडे हिंगाची फोडणी पडली की समोरून येणारी चिनी आजी तोंडावर रुमाल धरायची. दोघी भेटल्या की मात्र एकमेकींच्या वाट्या रिकाम्या परत करत नसत. आईनं बाजारातल्या अळूच्या पानांच्या वड्या करायला इथेच घेतल्या, दूध पावडरीचं दही लावायला इथेच शिकली. रविवारी मसालेभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर असायची. बाबांना रविवारचं जेवण बरोबर बाराच्या ठोक्याला लागे.

आमच्या ब्लॉकमध्ये मराठी दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या क्वीन्सटाउनमध्ये होतं की नाही, कोण जाणे. आता तुमच्या या आजीला क्लेमेंटीच्या लिफ्टमध्येसुद्धा पुण्याचं कुणीतरी भेटतं, "काकू, कणीक कुठून आणता?" असं विचारतं. तेव्हा मराठी ही फक्त आमच्या चार भिंतींतली भाषा होती. बाबांना याची फार चुटपुट लागायची, कारण बाबांचा एकच छंद होता, तो म्हणजे माणसांची आडनावं. कुणीही भेटलं की नमस्काराच्याही आधी त्यांचा प्रश्न तयार असे, "आडनाव काय?" गावाकडे हा प्रश्न सगळेच विचारतात आणि आडनावावरून गाव, जात, कुळाचार, जेवायला घालताना काय चालेल, सगळं ओळखतात. बाबांनी ती सवय बोटीतून इथे आणली आणि चिनी, मलय, तमिळ, युरेशियन, सगळ्यांवर चालवली. खाली कोपीशॉप, म्हणजे कॉफीचं दुकान, चालवणारे अंकल त्यांना म्हणायचे, "कानडे, यू टॉक टू मच लाह. ड्रिंक फर्स्ट."

शेजारचं दार मादामचं होतं. त्या तमिळ दिसायच्या आणि लूसीशी तमिळच बोलायच्या, पण रागवायच्या फ्रेंचमध्ये. लूसी त्यांची मुलगी, नऊ वर्षांची. दोघी सायगॉनहून, फ्रेंचांच्या जुन्या वसाहतीतून, आल्या होत्या. मादाम एका शिंप्याकडून कापलेले शाळेचे युनिफॉर्म आणून घरी शिवत, आणि शिंप्याकडे जावं लागे तेव्हा लूसी आमच्याकडे असे. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती वरणभात कालवून खायची. त्यात ती इतकी मराठी शिकली की आई तिला लूसी म्हणेनाच. "ठमे, हात धुतलेस का?" असं आईनं विचारलं की ठमी ओले हात फ्रॉकला पुसत म्हणायची, "धुतले, मामी."

मादामच्या दारावर पाटी नव्हती. लोखंडी जाळीला दोन कुलपं असत, कॉरिडॉरकडची खिडकी कधी उघडत नसे. मला त्या गर्विष्ठ वाटायच्या. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती आणि त्यांच्या मशीनचा आवाज दिवसभर आमच्याकडे यायचा. मी त्या आवाजावरच अभ्यास करायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की मशीन थांबतं. ओळखीची पावलं असली, पाववाला, चिनी आजी, शाळेतून येणारी पोरं, तर पुन्हा लगेच सुरू होतं. अनोळखी असली तर ती पावलं दारावरून पुढे जाऊन जिन्यात विरेपर्यंत भिंतीपलीकडे काहीच वाजत नसे. मी आईला विचारलं, "मादाम असं का करतात?" आई पोळी लाटत होती. म्हणाली, "असतं एकेकाचं. तू आपलं भूगोलाचं वाच." पण त्या दिवसापासून पावलं वाजली की माझीही पेन्सिल थांबायला लागली. भीती अशीही लागते, तारा, एखाद्या घरातून दुसऱ्या घरात, खोकल्यासारखी.

बाबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात लूसीला गाठून विचारलं, "बाळ, आडनाव काय तुझं?" तिनं सांगितलं, लांग्ल्वा. बाबा खूश! एका संध्याकाळी मादाम आईला ब्लाउजचं माप विचारायला आल्या, तर बाबांनी त्यांना खुर्चीच दिली. मादामला नाही म्हणता येईना. त्यांनी हळू आवाजात, इंग्रजीतून जे सांगितलं ते मला अजून आठवतं. लांग्ल्वा म्हणजे 'तो इंग्रज'. फार पूर्वी समुद्र ओलांडून जे इंग्रज उत्तर फ्रान्समध्ये येऊन राहिले, त्यांना शेजारी या नावानं ओळखू लागले, आणि मुलंनातवंडं पूर्ण फ्रेंच झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिकडे नॉर्मंडीत हे नाव गावोगाव आहे, आणि त्यांच्यातले कितीतरी कॅनडात गेले, तिथे तर ढिगानं.

"पण तुम्ही तर पाँडिचेरीच्या!" बाबा म्हणाले.

मादामच्या आजोबांच्या वेळी पाँडिचेरीत ज्यांना जातीचे रिवाज सोडून फ्रेंच कायदा पत्करायचा असे, त्यांना कागदावर एक आडनाव घ्यावं लागे. आजोबा कचेरीत कारकून होते. त्यांनी आपल्या शाळेतल्या आवडत्या मास्तरांचं नाव घेतलं, आणि मास्तर होते नॉर्मंडीचे लांग्ल्वा. "म्हणजे पाहा," बाबांनी मांडीवर थाप मारली, "तमिळ बाई, आडनाव फ्रेंच, त्याचा अर्थ इंग्रज, आणि शेजारी कानडे, ज्यांना कानडीचा एक शब्द येत नाही!" मग त्यांनी आपला आवडता सिद्धांत सांगितला. "इंग्लंडात कुणी कुणाला 'ए इंग्रज' म्हणून हाक मारेल का? नाही. आम्ही कर्नाटकात राहिलो असतो तर कानडे झालो असतो का? नाही. सातारकर सातारा सोडल्यावरच होतो. माणूस जिथे परका असतो तिथेच त्याला असं नाव पडतं."

मादाम हसल्या. मग बाबांनी विचारलं, "पाँडिचेरीत किती घरं आहेत लांग्ल्वांची?"

"एक," मादाम म्हणाल्या. "आमचंच." आणि त्यांचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. त्या उठल्या. दाराशी पोचल्यावर आईकडे वळून एवढंच म्हणाल्या, "हे नाव कुणाला सांगू नका." आईनं मान हलवली. बाबा तोवर आत टॉर्च शोधायला गेले होते, कारण कॉरिडॉरमधला दिवा गेला होता आणि बाईमाणसाला चार पावलंसुद्धा अंधारात जाऊ देऊ नये, असं त्यांचं मत होतं. ते वाक्य त्यांनी ऐकलं नाही. आईनंही त्यांना नंतर सांगितलं नाही. आई म्हणायची, बाबांना गुपित सांगणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं, त्यापेक्षा त्यांना गुपित आहे हेच माहीत नसलेलं बरं. आईचं गणित एरवी चुकत नसे.

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. सकाळी ऊन होतं. लूसी पांढरा फ्रॉक घालून चर्चमधल्या धर्माच्या वर्गाला गेली होती. तो वर्ग बाराच्या सुमारास सुटायचा आणि ती एकटीच चालत परत यायची. बाबा नेहमीप्रमाणे कोपी प्यायला खाली गेले होते. आईनं भात आधणात घातला होता, मी काकडी चोचवत होते. बाबा शीळ घालत वर आले. चेहरा उजळलेला.

"आज काय माणूस भेटला!" ते चपला काढतानाच म्हणाले. "शेजारच्या टेबलावर बसला होता. तमिळ, पण कोपी मागितली ती फ्रेंच धाटणीच्या इंग्रजीत. मी विचारलं, आडनाव काय?" बाबांनी त्याचं आडनाव सांगितलं. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही, त्या नावाची भली माणसंही असतील. "सायगॉनहून आलाय. कस्टममध्ये होता तिथे. मी म्हटलं, वा, आमच्या शेजारीसुद्धा फ्रेंच आडनाव आहे, लांग्ल्वा! त्याचा अर्थ ठाऊक आहे का तुम्हाला? बिचाऱ्याला ठाऊक नव्हता. सगळं ऐकून घेतलं त्यानं. माझ्या कोपीचे पैसेसुद्धा दिले. कोणता ब्लॉक, विचारत होता. पाँडिचेरीतली गंमत सांगायची राहिलीच, तेवढ्यात तो उठला."

आईच्या हातातली पळी भाताच्या पातेल्यात तशीच राहिली. "नाव सांगितलंत? ब्लॉक सांगितलात?"

"हो. का?"

"दिसायला कसा होता?"

"चांगला होता. उंच. एका भुवईतून जुनी खूण गेलेली. अगं, पण का?"

आई तडक बाहेर गेली. तिला मी कॉरिडॉरमध्ये पळताना कधी पाहिलं नव्हतं. शेजारचं मशीन थांबलं. कुलपं उघडल्याचा आवाज आला, आणि आई मादामना दंडाला धरून आमच्या घरात घेऊन आली. मादामच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, बोटात अंगुस्तान होतं. बाबांनी पुन्हा भुवईचं सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या बाहीची गुंडी काढून बाही वर केली. कोपरापासून वर कातडी ताणलेली आणि चकचकीत होती, भाजून बरी झालेली. बाबा मटकन खाली बसले.

"लूसी," मादाम म्हणाल्या. "त्याला मी नको आहे. त्याला ती हवी आहे. तो म्हणाला होता, तिला घेऊन जाईन तेव्हा तुला कळणारही नाही, कुठे."

"मी आत्ता जाऊन आणतो तिला," बाबा उठले, आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश येत होती, एकेका मजल्यावर थांबत. दारं मोजत असावीत. आईनं मादामना आतल्या खोलीत ढकललं आणि पडदा ओढला. आमचं घर तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हाला कळलं असतं की आता तिथून बाहेर पडायला वाटच नव्हती. पावलं शेजारच्या दाराशी थांबली. जाळीवर टकटक झाली, हलकी, सभ्य. पुन्हा एकदा झाली. मग ती आमच्याकडे आली.

दार उघडंच होतं, ते आता लावलं असतं तर वाईट दिसलं असतं. तो उंबऱ्याशी उभा राहिला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तेल लावून मागे फिरवलेले केस, हातात कागदात गुंडाळलेलं एक छोटं पुडकं. मी राक्षसाची वाट पाहत होते. आला तो आमच्या शाळेच्या प्रार्थनेला येणाऱ्या एखाद्या सभ्य पाहुण्यासारखा. त्यानं मला गुड आफ्टरनून म्हटलं. आजवर मला तेवढी भीती दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

"मिस्टर कानडे, पुन्हा त्रास देतो. लांग्ल्वा घरी नाहीत का?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आणि आई पुढे झाली. तिनं हात जोडले आणि तिच्या तुटक्या इंग्रजीत म्हणाली, "कम, कम. लंच टाइम. प्लीज ईट." मला वाटलं, आईला वेड लागलं. आज या वयात मला कळतं की दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. बाराच्या ठोक्याला दारात आलेल्या माणसाला आमच्या घरानं कधी उपाशी परत पाठवलं नव्हतं, ही रीत तिला पाठ होती, आणि घाबरलेला माणूस पाठ असलेलंच करतो. शिवाय ताटावर बसलेला माणूस जिन्यात उभा नसतो.

तो संकोचला, पण बूट काढून आत आला. बाबांच्या शेजारी बसला. त्याच्या पाठीमागे चार हातांवर पडदा होता, आणि पडद्याखाली दिसतील म्हणून मादामनं पाय पलंगावर घेतले असणार, कारण मला पलंगाची करकर ऐकू आली. बाबा जोरात खोकले. आई ताट वाढत होती. लिंबाची फोड, कोशिंबीर, भाजी, मसालेभात, त्यावर तूप. वाढता वाढता, मीठ कमी आहे का असं विचारावं तशा सुरात, माझ्याकडे न पाहता ती मराठीत म्हणाली, "सुधे, दही आणायला चाललीस असं दाखव. ठमीला रस्त्यातच गाठ. इकडे येऊ देऊ नकोस. चर्चमध्ये परत ने आणि मी येईपर्यंत तिथून हलू नकोस. आणि जाताना हस बरं का जरा."

मी हसले. कसं हसले असेन, देव जाणे. त्या माणसानं मान वर करून विचारलं, "काय म्हणतात तुमच्या आई?"

"दही संपलंय," मी इंग्रजीत सांगितलं.

तो म्हणाला, "माझ्यासाठी त्रास नको." आणि मग सहज बाबांना, "लांग्ल्वांकडे एक मुलगी आहे ना?"

मी चपला घालत होते. माझी बोटं अंगठ्यात शिरेनात. बाबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते, आईला वाढदिवसाची साडी आणली तरी ती आदल्या रात्रीच सांगून टाकायचे. ते घास गिळून म्हणाले, "मुलगी? छे! मिस लांग्ल्वा म्हाताऱ्या आहेत. गोऱ्या. मिशनमध्ये शिकवायच्या. नॉर्मंडीच्या. सकाळी मी तुम्हाला सांगत होतो ना, तिकडे हे नाव पैशाला पासरी आहे. दगड मारावा तो लांग्ल्वाला लागावा. आणि कॅनडात तर विचारूच नका." मग त्यांना जणू वाटच सापडली. इंग्रज समुद्र ओलांडून कसे आले, नाव कसं पडलं, कुठे कुठे पसरलं, सगळं त्यांनी पुन्हा सुरू केलं, एकच सोडून. पाँडिचेरीचा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून निघाला नाही. सकाळी ज्या बडबडीनं त्यांनी त्या माणसाला वर आणलं, तीच बडबड आता ते त्याच्यापुढे भिंतीसारखी रचत होते. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी जिन्याकडे निघाले तेव्हा त्यांचा आवाज मागून येत होता, चढा आणि आनंदी. त्या आवाजानं मला रडू फुटायची वेळ आली.

मी चर्चच्या रस्त्याला लागले. पळावंसं वाटत होतं, पण आईनं दही आणायला पाठवलं होतं आणि दही आणायला कुणी पळत नाही. वळणापर्यंत गेले, लूसी दिसेना. वर्गातली दोन मुलं आली. ती म्हणाली, लूसी तर मघाच गेली, बाजाराच्या बाजूनं. बाजाराच्या बाजूनं म्हणजे ब्लॉकच्या मागून. मी फिरले, आणि आता मात्र पळाले.

ब्लॉकखालच्या हिरवळीपाशी आले तेव्हा दोन गोष्टी एकदमच दिसल्या. मोठ्या गटाराच्या कडेनं, एकेक पाय तोलत, लूसी येत होती. आणि वर चौथ्या मजल्यावर कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून तो माणूस सिगारेट ओढत होता. आई घरात सिगारेट ओढू देत नसे, म्हणून तो जेवून बाहेर आला असणार. तो खालीच पाहत होता.

तिचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मी ते दातांनी दाबून धरलं. मग मी ओरडले, अगदी आईच्या आवाजात, "ठमे! मान वर करू नकोस! मागं फिर आणि पळ, तुला आऊट करते बघ!" कुणाही चौथ्या मजल्यावरच्या माणसाला त्या दोन भारतीय मुली पकडापकडी खेळताना दिसल्या असत्या, न कळणाऱ्या कुठल्या तरी भाषेत ओरडणाऱ्या. लूसी क्षणभर थांबली. तिनं मान वर केली की नाही ते मला सांगता येणार नाही, उन्हानं माझे डोळे दिपले होते. मग ती गर्रकन वळली आणि पळत सुटली. मी तिच्या मागे. वरून हाक आली नाही. पण बाजार ओलांडेपर्यंत माझी पाठ जणू उघडी पडली होती, कातडीसुद्धा नसल्यासारखी.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. तो माणूस सिगारेट संपवून, आईचे आभार मानून गेला. जाताना पुडकं आमच्याकडेच ठेवून गेला, म्हणाला, तुमच्या मुलीला द्या. आत साखरेत घोळवलेली फळं होती. ती कुणी खाल्ली नाहीत. त्याच आठवड्यात मादाम आणि लूसी गेल्या. आईच्या ओळखीनं त्यांची कुठेतरी सोय झाली होती. कुठे, ते आईनं बाबांना सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलंही नाही. भिंतीपलीकडे एक मलय कुटुंब आलं. बाबा त्यांना नुसता सलाम करून आत येत. मला मात्र पुढे कित्येक महिने पावलं मोजायची सवय राहिली. तो परत येईल असं रोज वाटे. तो आला नाही. न आलेल्या माणसाची भीती किती दिवस टिकते, याला काही नियम नाही.

मला शेवटी सांगायचं आहे ते चर्चमधलं. आई येईपर्यंत आम्ही दोघी सगळ्यात मागच्या बाकावर बसून होतो. आत कुणी नव्हतं, पंखे बंद होते, आणि आमच्या धापांचा आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता. लूसीच्या पांढऱ्या फ्रॉकला गटाराचा चिखल लागला होता. मी तो रुमालानं पुसत होते आणि काहीतरी खेळातलं बोलत होते, तू हरलीस, मी जिंकले, असलं काहीतरी. तिनं मला पुसू दिलं. मग म्हणाली, "ताई, तो माझा पपा होता."

मी म्हटलं, "कोण?"

"वर होता तो. सिगारेट अशी धरतो पपा." तिनं दोन बोटं आत वळवून दाखवली. ती रडत नव्हती. "म्हातारा झालाय."

तिनं त्याला ओळखलं होतं. मी 'पळ' म्हटल्यावर, त्याला ओळखून, ती पळाली होती. मी तिचा हात धरला, तो बर्फासारखा होता, आणि बोटं माझ्या बोटांत घट्ट रुतली. ती समोरच्या मेणबत्त्यांकडे बघायला लागली. मग तिनं आमच्या स्वयंपाकघरातल्या मराठीत, अगदी हळू विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला," मी म्हटलं. "आईनं वाढलं त्याला."

"पोटभर?"

"हो. पोटभर."

तिनं मान हलवली, आणि मग ती थरथरायला लागली.